टर्बो सर्वांत शेवटी: पडवीत गाडी बांधायला घेण्याआधीची तयारी

घरी टर्बोची गाडी बांधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा सुरुवात टर्बोपासून करतो. भंगारवाल्याकडे एक बरा दिसतो, स्वस्तात मिळतो, आणि मग त्याच्याभोवती सगळं जुळवायची धडपड सुरू होते. माझं आग्रहाचं सांगणं असं की टर्बो यादीत शेवटी ठेवा. इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबण्याचं काम तो चोख करतो. ती वाढीव हवा, तिची उष्णता, तिला लागणारं पेट्रोल आणि टर्बोला लागणारं ऑइल, हे सगळं सांभाळायला गाडी तयार आहे का, हा खरा प्रश्न असतो.

पहिली तयारी पंचांगाची. आपल्याकडे गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत उघडं पडलेलं सिलिंडर बोअर (पिस्टन सरकतो तो आतला पोकळ भाग) बघता बघता तांबूस होतं. समुद्राजवळ राहत असाल तर विचारूच नका. त्यामुळे इंजिन दसऱ्यानंतर खोला आणि मे संपायच्या आत बांधून बंद करा. चवथीला घर माणसांनी भरतं आणि पडवी मोकळी लागते, तेव्हा गाडी चाकांवर असलेली बरी. काम अर्धवट राहिलंच तर बोअरला ऑइल लावा, सगळी तोंडं कापडाच्या बोळ्यांनी बंद करा आणि किती बोळे घातले ते भिंतीवर लिहून ठेवा.

दुसरी तयारी कागदांची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्यात विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येतो. म्हणून आधीच ठरवा: बिनटर्बोच्या इंजिनाला टर्बो लावायचा असेल तर ती गाडी बंदिस्त मैदानापुरती, आणि तिथवर ती टोचन करूनच न्यायची. रस्त्यावर चालवायची हौस असेल तर कंपनीतूनच टर्बो घेऊन आलेली गाडी शोधा. २०१७ ची बलेनो आरएस घ्या किंवा एखादी जुनी टर्बो डिझेल पिकअप, आणि ती मूळ ताकदीला आणा. हेही मोठं काम आहे, आणि शिकायला उत्तम.

आता इंजिन. उदाहरणाला १२९८ सीसीची एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) जिप्सी घेऊ, मूळची ८० हॉर्सपॉवर. एक पानाही लावण्याआधी गरम इंजिनावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवेचा दाब किती चढतो ते, तपासा. चारही सिलिंडरांच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आधी रिंगा आणि व्हॉल्व्ह बघा, टर्बोचं नाव नंतर. निरोगी इंजिनाला ०.४ बार बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला वाढीव दाब) दिला तर ते ११० हॉर्सपॉवरच्या जवळ जातं, आणि घरच्या पहिल्या गाडीला तेवढं पुरे. त्यापुढे पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्लच, गिअरबॉक्स अशी एकेक वस्तू पैसे मागायला लागते. ब्रेक मात्र आधी करा. थांबत नसलेल्या गाडीला ताकद देऊ नये.

उष्णतेचा हिशेब एकदा स्वतः मांडून बघा. बाहेर ३२ अंश असताना हवा अर्ध्या बारने दाबली, तर टर्बोच्या साधारण कॉम्प्रेसरमधून (हवा दाबणाऱ्या बाजूतून) ती ९० अंशांच्या आसपास तापून निघते. तशीच सिलिंडरमध्ये गेली की नॉकिंग (इंधन नको तेव्हा ठोके देत पेटणं) सुरू, आणि नॉकिंग पिस्टनची कड खाऊन टाकतं. म्हणून ही हवा थंड करणारा इंटरकूलर समोर, वारा लागेल तिथेच बसवा. रेडिएटर आतून साफ करून घ्या, फॅन चांगला घाला. आपल्या दमट उन्हात इथे काटकसर नको.

मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाचा धूर टर्बोकडे नेणाऱ्या पाइपांच्या, बाबतीत गोवा नशीबवान आहे. औषधांच्या कारखान्यांमुळे कुंडई-वेर्ण्याच्या बाजूला स्टेनलेस पाइपांचं आर्गन वेल्डिंग सफाईने करणारे लोक सापडतात. त्यांच्याकडे जाताना हेड आणि टर्बोच्या फ्लँजचे (बोल्टने जोडायच्या सपाट तोंडांचे) साचे पुठ्ठ्यावर कापून न्या. फ्लँज किमान १० मिलिमीटर जाड घ्या, आणि वेल्डिंगनंतर लेथवाल्याकडून तोंड सपाट करून घ्या, कारण तापाने फ्लँज वाकतेच आणि मग गॅस्केट टिकत नाही.

टर्बो बघायचा तर डिचोली, साखळी, उसगावच्या ट्रकवाल्या मिस्त्रींकडे जा. खाणीच्या ट्रकांवर त्यांनी हयात घालवली आहे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तरी हातातली जाण कुठे जाते? ते टर्बो कसा तपासतात ते नीट बघून घ्या. नटाकडून शाफ्ट (टर्बोचा मधला फिरता दांडा) दोन बोटांत धरतात, आधी वर-खाली हलवतात. तिथे किंचित खेळ चालतो, पण पातं घराला घासता कामा नये. मग शाफ्ट आत-बाहेर ओढून बघतात. इथे बोटाला हालचाल जाणवली की टर्बो बाजूला ठेवतात. शेवटी पात्यांच्या कडांवरून हळूच नख फिरवतात; बारीकसा टवकाही तिथे लागतो. मात्र ट्रकचा टर्बो आपल्या छोट्या इंजिनाला फारच मोठा, आणि छोट्या डिझेल गाडीचा पेट्रोलवर चालवणं धोक्याचं. पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा बराच तापलेला असतो, आणि डिझेलच्या टर्बोचं, विशेषतः हलत्या पात्यांच्या टर्बोचं, धातुकाम तेवढा ताप सोसण्यासाठी केलेलं नसतं. जाण त्यांच्याकडून घ्या, टर्बो आपल्या इंजिनाच्या मापाचा घ्या.

ऑइल हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा, कारण बहुतेक टर्बो याच्यामुळेच मरतात. शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल दाबाने आत येतं, पण परत जाताना फक्त उताराने जातं. म्हणून परतीचा पाइप जाड हवा, आतून १६ मिलिमीटरच्या आसपास, टर्बोपासून सरळ खाली उतरणारा, मध्ये कुठे पोटासारखा लोंबणारा नको, आणि संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) ऑइलच्या पातळीच्या वर उघडणारा. हा पाइप चुकला की सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि लोक चांगल्या टर्बोची सील बदलत बसतात.

पेट्रोल आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचं मिळतं. त्याला शुद्ध पेट्रोलपेक्षा हवेच्या मानाने जास्त इंधन लागतं, आणि जुने रबरी पाइप त्यात फुगतात. सगळे होज बदला. जिप्सीला ११० हॉर्सपॉवर हवी असेल तर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला साधारण २२० सीसीचा धरा, पंपही त्या मानाने. वाइडबँड सेन्सर (धुरावरून हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा) आणि प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) यांना पर्याय नाही. ईसीयू स्वतः बांधायचा स्पीडुइनोसारखा खुला प्रकल्प शिकायला फार चांगला. प्लग एक दर्जा थंड, गॅप ०.७ मिलिमीटर. मॅप (ईसीयूतला इंधन आणि ठिणगीचा तक्ता) बसवताना गावच्या पंपावरचंच पेट्रोल टाकीत हवं, शहरात शोधून आणलेलं महागडं नको.

जागेचं थोडक्यात: गाडीखाली जॅकवर विसंबून कधीही जाऊ नका, पक्के स्टँड लावा. अग्निशामक हाताशी ठेवा. दारं लावून इंजिन चालवू नका. वेल्डिंग मशीनचा भार घरच्या वायरिंगला झेपतो का ते वायरमनला दाखवा. आणि दुपारी दोन ते चार ग्राइंडर बंद. वाड्यावर माणसं निजलेली असतात, आणि हा छंद शेजाऱ्यांच्या संमतीवरच टिकतो.

पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढून, इंजेक्टरची वायर सोडून, ऑइलचा दाब काट्यावर दिसेपर्यंत स्टार्टर मारा. मग दहा मिनिटं आयडलवर ठेवून टॉर्चने प्रत्येक जोड बघा. गार झाल्यावर मॅनिफोल्डचे नट पुन्हा कसा. बूस्ट दाखवायची घाई नको. वेस्टगेटच्या (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर जेवढा येतो तेवढ्यावर काही आठवडे चालू द्या, आणि पहिलं ऑइल लवकर काढून पांढऱ्या कापडावर ओता. त्यात चमक दिसली तर पुढे चालवू नका, संप उघडा.