एकाच नावाचे दोन रुग्ण: रिपोर्टची अदलाबदल कशी टाळावी आणि झालीच तर काय करावे

ओपीडीत नाव पुकारलं जातं आणि दोन जण एकदम उठतात. तिथे घोळ निदान डोळ्यांना दिसतो. संगणकावर तो दिसतही नाही. काउंटरवरचा कर्मचारी घाईत नाव टाइप करतो, समोर आलेल्या यादीतली पहिली ओळ निवडतो, आणि तुमचं निदान, तुमची औषधं, तुमचा फोन नंबर दुसऱ्याच माणसाच्या फाइलमध्ये जाऊन बसतो. यात नुकसान दोघांचं होतं: एकाची खासगी गोष्ट परक्याच्या हाती पडते आणि दुसऱ्यावर चुकीच्या माहितीच्या आधारे उपचार होऊ शकतात. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये तुमच्याच नावाचा तो अनोळखी रुग्णही लक्षात ठेवा.

१. नोंदणी करतानाच ओळख पक्की करा

ओळखपत्रावर नाव जसं आहे तसंच, पूर्ण, प्रत्येक ठिकाणी द्या. एकीकडे दीपक, दुसरीकडे दिपक, तिसरीकडे नुसतं आद्याक्षर असं झालं की एकाच माणसाच्या दोन-तीन फाइली तयार होतात. जन्मतारीख दिवस-महिना-वर्षासकट सांगा, नुसतं वय नको. नेमकी तारीख माहीत नसलेल्या अनेकांच्या कागदपत्रांवर १ जानेवारी टाकलेली असते. तुमचंही तसं असेल तर जन्मतारखेवर विसंबू नका, रुग्णालयाने दिलेला नोंदणी क्रमांकच पुढे करा. तो क्रमांक मोबाइलमध्ये जपून ठेवा आणि फोनवर अपॉइंटमेंट घेतानाही नावाबरोबर सांगा.

मोबाइल नंबर बदलला असेल तर जुना काढून टाकायला सांगा. बंद केलेला नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो आणि तुमच्या रिपोर्टचे मेसेज त्याच्याकडे जात राहतात.

२. नुसतं ‘हो’ म्हणू नका

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, असं मी मानतो. ‘तुम्हीच ना अमुक?’ या प्रश्नाला गुंगीतला, ताप चढलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस सहज मान हलवतो. नाव सारखं असेल तर पूर्ण शुद्धीतला माणूसही हलवेल, आणि त्यात त्याचं काहीच चुकत नाही. म्हणून प्रश्न कसाही येवो, आपण पूर्ण नाव आणि जन्मतारीख स्वतः बोलून सांगायची. समोरच्याने ते हातातल्या कागदाशी किंवा मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायचं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेसाठी नऊ उपाय सुचवले, त्यातला एक रुग्णाची ओळख पटवण्याचा आहे. ओळखीच्या किमान दोन खुणा तपासाव्यात, आणि खोली क्रमांक ही त्यातली खूण असू नये, असं त्यात सांगितलं आहे. खाटा बदलतात, खोल्या बदलतात; ‘तीन नंबरचा पेशंट’ दुपारनंतर वेगळाच असू शकतो. तेव्हा कुणी पुन्हा पुन्हा नाव विचारलं तर वैतागू नका. उलट, न विचारता सलाईन लावायला कुणी आलं तर थांबवून विचारा.

आईवडिलांना किंवा लहान मुलाला घेऊन गेला असाल तर हे काम तुमचं. जुळ्या मुलांच्या बाबतीत आडनाव, जन्मतारीख आणि पत्ता सगळंच जुळतं, तिथे पहिलं नाव आणि नोंदणी क्रमांक दोन्ही सांगा.

३. रक्ताच्या ट्यूबवरचं लेबल वाचा

रक्त घेतल्यावर ट्यूबवर लेबल तुमच्या समोर, तिथल्या तिथे लागायला हवं. रिकाम्या ट्यूबांवर आधीच लेबलं लावून ठेवणं किंवा भरलेल्या ट्यूब ट्रेमध्ये ठेवून नंतर लेबल लावणं, दोन्हींत अदलाबदलीला वाव राहतो. ‘लेबल एकदा दाखवता का?’ एवढं विचारणं पुरेसं आहे. नाव बघून समाधान मानू नका, नोंदणी क्रमांकाचे शेवटचे आकडे जुळवा. रक्तगटाच्या तपासणीत तर हे टाळूच नका; चुकीच्या गटाचं रक्त चढलं तर जीवावर बेतू शकतं.

४. रिपोर्ट उघडल्यावर आधी वरचा भाग बघा

आपण थेट आकड्यांकडे धावतो. त्याआधी वय, लिंग, नोंदणी क्रमांक, सॅम्पल घेतल्याची तारीख-वेळ आणि डॉक्टरांचं नाव तपासा. मागच्या रिपोर्टशी अजिबात मेळ न खाणारा आकडा दिसला तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘हा रिपोर्ट नक्की माझाच आहे ना?’ शंका असेल तर तपासणी पुन्हा करून घ्या, पण चालू औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका.

५. दुसऱ्याचा रिपोर्ट तुमच्याकडे आला तर

तुमचा नाही हे कळलं की पुढे वाचू नका. त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नका, ‘बघा, कसा घोळ घातलाय’ म्हणूनसुद्धा नाही. त्यातला नंबर बघून त्या माणसाला थेट फोन करण्याचा मोह होतो, तोही आवरा. कदाचित त्याचं निदान त्यालाही अजून कळलेलं नसेल आणि फोन घरातलं दुसरंच कुणी उचलेल.

रुग्णालयाला किंवा लॅबला लगेच कळवा, तारीख-वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. कागद असेल तर परत करा. फाइल असेल तर ती त्यांच्या सांगण्यानुसार फोनमधून आणि बॅकअपमधून पुसून टाका. गुपचूप डिलीट करून गप्प बसणं मात्र धोक्याचं आहे. तो माणूस रिपोर्टची वाट बघत असेल आणि तुमचा रिपोर्ट त्याच्याकडे गेला असेल.

६. तुमची फाइल मिसळली असेल तर

एका माणसाच्या दोन फाइली होणं त्रासाचं असतं, पण दोन माणसांची एक फाइल होणं फार घातक. एकाची ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर चढते. अशा वेळी तोंडी तक्रारीवर थांबू नका. वैद्यकीय नोंदी विभागाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि पुढील गोष्टी मागा:

- कोणत्या नोंदी तुमच्या नाहीत, याची तपासणी आणि लेखी उत्तर
- तुमची माहिती कुणाकुणाला दिसली किंवा पाठवली गेली, याचा तपशील
- विमा कंपनी, औषध दुकान, बाहेरची लॅब अशा जिथे चुकीची माहिती गेली, तिथेही दुरुस्ती

वैद्यकीय नोंद सहसा पूर्ण पुसत नाहीत. मूळ मजकूर वाचता येईल असा ठेवून तारीख आणि सहीसह दुरुस्ती जोडतात. हे ऐकून टाळाटाळ वाटेल, पण त्या काळात कोणत्या माहितीवर कोणता निर्णय झाला हे त्यामुळेच कळतं. उत्तराची मुदत देशागणिक वेगळी आहे. युरोपच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात साधारण एक महिना, अमेरिकेच्या हिपा या आरोग्य माहितीच्या गोपनीयतेच्या नियमांत ६० दिवस. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही दुरुस्तीचा हक्क दिलेला आहे.

दुरुस्ती झाली असं कळल्यावर फाइलची नवी प्रत मागून रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि जुने आजार एकेक करून वाचा. मग दोन्ही फाइलींवर ‘याच नावाचा आणखी एक रुग्ण आहे’ अशी ठळक सूचना लावायला सांगा, म्हणजे पुढच्या वेळी काउंटरवर नाव टाइप होताच ती समोर येईल.