जुने टूजी-थ्रीजी नेटवर्क बंद होण्याआधी फोन, सिम आणि घरातली यंत्रे कशी तपासावीत

‘अमुक तारखेपासून थ्रीजी बंद’ असा कंपनीचा संदेश आला की बहुतेक जण फोनच्या कोपऱ्यात ४जी दिसते का ते पाहतात आणि निर्धास्त होतात. ती खूण फक्त इंटरनेटबद्दल सांगते. कॉल कुठून जातो हे त्यावरून कळत नाही.

४जी मुळात डेटासाठीच बांधलेले आहे, त्यात जुन्या पद्धतीच्या कॉलची सोयच नाही. त्यामुळे अनेक ४जी फोन कॉल लावताना किंवा घेताना काही क्षणांसाठी थ्रीजी किंवा टूजीवर उतरतात आणि बोलणे संपले की परत वर चढतात. खालचे नेटवर्क गेले की या फोनवर रेंजच्या कांड्या पूर्ण दिसतील, व्हिडिओ चालतील, पण कॉल लागणार नाही आणि आलेला कॉल वाजणारही नाही. हे टाळायचे तर कॉल ४जीवरूनच, म्हणजे व्हीओएलटीईने, जायला हवा. खालची सगळी तपासणी या एका प्रश्नाभोवती आहे.

१. नेमके काय बंद होणार ते विचारा

टूजी आधी जाणार की थ्रीजी, हे देशागणिक आणि कंपनीगणिक वेगळे असते. जर्मनीत २०२१ मध्ये थ्रीजी बंद झाले, टूजी मात्र ठेवले. स्वित्झर्लंडमध्ये स्विसकॉमने उलट केले, टूजी आधी बंद केले. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी २०२२ मध्ये गुंडाळले. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा आणि ऑप्टस यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून थ्रीजी बंद करायला सुरुवात केली, टूजी तिथे आधीच गेलेले होते. मागे टूजी उरणार असेल तर साध्या फोनला धोका कमी. दोन्ही जाणार असतील तर यादी लांबते.

बंद करण्याचे काम बहुधा टप्प्याटप्प्याने, भागवार होते. त्याआधीच काही लहरी जुन्या नेटवर्ककडून काढून ४जी-५जीला देतात, त्यामुळे जाहीर तारखेच्या कित्येक आठवडे आधी कॉल तुटणे, आवाज अडकणे सुरू होऊ शकते. तारीख ही शेवटची मुदत समजा आणि तपासणी काही महिने आधी उरका.

२. कॉलची चाचणी

ही चाचणी दहा मिनिटांची आहे आणि सर्वांत महत्त्वाची. आधी फोनचे सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या. व्हीओएलटीईसाठी लागणारी कंपनीनिहाय मांडणी अनेकदा अपडेटमधूनच येते. मग वायफाय आणि वायफाय कॉलिंग दोन्ही बंद करा. हे विसरलात तर कॉल वायफायवरून जाईल आणि नापास फोन पास दिसेल.

अँड्रॉइडवर मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘व्हीओएलटीई कॉल’ किंवा ‘४जी कॉलिंग’ असे बटण असते, ते चालू करा. आयफोनवर मोबाइल डेटाच्या पर्यायांत ‘व्हॉइस अँड डेटा’ इथे पाहा. आयफोन ६ पासूनच्या फोनमध्ये व्हीओएलटीई आहे, ५एस आणि त्याआधीच्यांत नाही. बटण दिसतच नसेल तर फोनला सोय नाही, किंवा फोनला आहे पण तुमच्या कंपनीने त्या मॉडेलला मान्यता दिलेली नाही. दुसऱ्या देशातून आणलेल्या फोनमध्ये हा दुसरा प्रकार फार आढळतो.

आता कॉल लावा आणि वरच्या पट्टीकडे लक्ष ठेवा. ४जीची खूण तशीच राहिली, समोरची रिंग एक-दोन सेकंदांत सुरू झाली आणि बोलताना इंटरनेटही चालले, तर कॉल ४जीवरून जातो आहे. खूण बदलून ३जी, एच (हीही थ्रीजीचीच) किंवा ई (टूजीची) झाली आणि रिंगला पाच-सहा सेकंद लागले, तर फोन खाली उतरला. हीच परीक्षा दुसऱ्या फोनवरून कॉल मागवूनही करा.

अधिक खात्री हवी असेल तर बऱ्याच अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* डायल करून ‘फोन इन्फॉर्मेशन’ उघडा आणि नेटवर्क प्रकार ‘एलटीई ओन्ली’, म्हणजे फक्त ४जी, करा. म्हणजे जुने नेटवर्क तुमच्यापुरते आजच बंद झाले. अशा अवस्थेत कॉल लागला आणि आला, तर फोन पास. तपासून झाल्यावर मूळचा पर्याय परत ठेवायला विसरू नका. काही कंपन्यांच्या फोनवर हा कोड उघडत नाही. अँड्रॉइड १२ पासून अनेक फोनमध्ये टूजी बंद करण्याचे वेगळे बटणही आहे. टूजी एरवीही बंद ठेवायला हरकत नाही, कारण टूजीमध्ये फोन टॉवरची ओळख पडताळत नाही आणि बनावट टॉवर त्याचाच फायदा घेतात.

दोन सिमचा फोन असेल तर दोन्ही खाचा वेगवेगळ्या तपासा. जुन्या दोन सिमच्या फोनांत दुसरी खाच फक्त टूजी किंवा थ्रीजीचीच असे.

आणीबाणीचा नंबर मात्र चाचणीसाठी कधीही लावू नका. साधा कॉल ४जीवरून गेला म्हणजे तोही जाईलच, असेही धरू नका. ऑस्ट्रेलियात असे फोन निघाले, जे नेहमीचे कॉल व्हीओएलटीईने करत पण आणीबाणीच्या कॉलसाठी थ्रीजीच शोधत. अखेर असे फोन नेटवर्कवर रोखावे लागले. यावर उपाय एकच: *#०६# डायल करून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा आणि कंपनीकडे त्या मॉडेलबद्दल थेट विचारा, की आणीबाणीचा कॉल ४जीवरून जातो का.

३. सिमकार्ड

फोन नवा असूनही ४जी कधीच दिसत नसेल तर संशय सिमवर घ्या. टूजीच्या काळातली मूळ सिमकार्डे थ्रीजीवर चालतात, पण ४जी नेटवर्क त्यांना आत घेत नाही. त्याला नव्या पिढीचे यूसिम लागते. सिम बदलले तरी नंबर तोच राहतो.

बदलण्याआधी जुन्या सिममधले नंबर आणि संदेश फोनमध्ये उतरवा. नव्या सिमसोबत ते आपोआप येत नाहीत. साध्या फोनमधून थेट नव्या फोनवर न्यायचे तर ब्लूटूथने व्हीकार्ड, म्हणजे नाव-नंबरांची फाइल, पाठवणे बरे. सिमवर साधारण २५० नावेच मावतात, आणि तीही बहुधा एका नावाला एक नंबर अशीच. चार नंबर असलेल्या माणसाचे तीन नंबर वाटेत हरवतात. सिम बदलल्यावर पहिला दिवसभर एसएमएस अडवून ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, त्यामुळे ओटीपी लागणारे बँकेचे काम आदल्या दिवशीच आटोपा.

याच सुमारास ‘तुमचे सिम बंद होणार, कोड सांगा’ असे फोनही सुरू होतात. सिम दुकानातून किंवा कंपनीच्या ॲपमधूनच बदला. कोड कुणालाही सांगू नका.

४. नवा फोन घेताना

‘४जी’ एवढे लिहिलेले पुरेसे नाही. तीन गोष्टी पाहा: व्हीओएलटीई, ते तुमच्या कंपनीवर चालते का, आणि बँड, म्हणजे फोन कोणत्या लहरी पकडतो. जुन्या नेटवर्कच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून आत आणि गावाबाहेर लांबवर पोहोचत. त्यांची जागा पुढे ७००, ८०० किंवा ९०० मेगाहर्ट्झचे ४जी घेते, म्हणजे बँड २८, २० किंवा ८. तुमची कंपनी यांपैकी जो वापरते तो फोनमध्ये नसेल तर रस्त्यावर रेंज आणि घरात शुकशुकाट. बटणांची सवय असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी व्हीओएलटीईचे साधे फोन मिळतात, त्यांना टचस्क्रीनची सक्ती करण्याचे कारण नाही.

५. फोन नसलेली यंत्रे

सगळ्यात उशिरा कळते ते यांचे, कारण यांतल्या सिमकडे कुणी बघत नाही. चोरघंटेची पेटी, लिफ्टमधला मदतीचा फोन, गाडीचा ट्रॅकर, कार्ड घासायचे मशीन, वीजमीटर, वृद्धांच्या गळ्यातले मदतीचे बटण, फाटक किंवा पंप मोबाइलवरून चालू करणारा स्टार्टर. युरोपात ३१ मार्च २०१८ पासून नव्या मॉडेलच्या मोटारींत बंधनकारक झालेली ईकॉल, म्हणजे अपघात झाल्यावर आपोआप मदतीला कॉल लावणारी, यंत्रणासुद्धा टूजी-थ्रीजीवरच बेतलेली होती. दर महिन्याच्या बिलांत कोणकोणते सिम क्रमांक आहेत ते काढा. ज्याचा मालक आठवत नाही असा क्रमांक बहुधा अशाच एखाद्या पेटीत सापडतो.

पेटी उघडता येत असेल तर आतल्या मोडेमवरचे, म्हणजे मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या मोड्यूलवरचे, नाव वाचा. सिम९००, सिम८००एल, क्वेक्टेल एम९५ ही फक्त टूजी मोड्यूल्स आहेत. सिम७६०० किंवा ईसी२५ असेल तर ४जी आहे, तरी त्या प्रतीला तुमच्याकडचे बँड आहेत का ते पाहा, कारण वेगवेगळ्या प्रदेशांसाठी वेगवेगळ्या प्रती निघतात.

मोड्यूल काढून दुसरे बसवले की काम झाले, असे सहसा होत नाही. सिम८००एलच्या सिग्नलच्या तारा २.८ व्होल्टच्या, सिम७६०० च्या १.८ व्होल्टच्या. मधे लेव्हल शिफ्टर, म्हणजे व्होल्टेज जुळवणारा भाग, न घालता जोडल्या तर नवे मोड्यूल जळू शकते. एसएमएसची आज्ञा, एटी+सीएमजीएस, दोन्हींत तीच आहे, त्यामुळे फक्त एसएमएसवर चालणारी यंत्रे कमी त्रासात सुटतात. डेटा पाठवणाऱ्यांत मात्र जोडणी उघडण्याच्या सीआयपीस्टार्ट या आज्ञेच्या जागी नेटओपन आणि सीआयपीओपन येतात, म्हणजे प्रोग्राम बदलावाच लागतो. मिस्ड कॉलवर चालणाऱ्या यंत्रात व्हीओएलटीई असलेलेच मोड्यूल घ्या. नुसत्या डेटाचे घेतले तर घंटा पोहोचणारच नाही. अँटेनाही बदला, कारण ९००-१८०० साठी कापलेली दांडी ७०० किंवा २६०० वर नीट चालत नाही, आणि बऱ्याच ४जी मोड्यूल्सना दोन अँटेना लागतात.

सूर पाठवून माहिती देणाऱ्या जुन्या चोरघंटेला कॉल लागतो पण संदेश पोहोचत नाही, असेही होते. मोबाइलचा आवाज दाबून पाठवला जातो आणि त्यात सुरांची लांबी-उंची बिघडते. तिथे डेटावर चालणारा संदेशवाहकच बसवावा लागतो. लिफ्ट आणि चोरघंटेचे काम देखभाल करणाऱ्याकडूनच करून घ्या आणि बदलानंतर खरा संदेश केंद्रावर पोहोचल्याचे त्याच्यासमोर पाहा. तारीख जवळ आली की या लोकांची वेळ मिळत नाही.

६. त्या दिवशी कॉल लागला नाही तर

आधी फोन पूर्ण बंद करून चालू करा, विमान मोड पुरत नाही. मग व्हीओएलटीईचे बटण, नेटवर्क प्रकारात ४जी किंवा स्वयंचलित, त्यानंतर सॉफ्टवेअर अपडेट. तरी नाही लागला तर तुमचे सिम व्हीओएलटीई चालते अशी खात्री असलेल्या दुसऱ्या फोनात घालून बघा: तिथे लागला तर दोष फोनचा, नाही लागला तर सिमचा किंवा खात्यावरच्या सेवेचा. दोष मिटेपर्यंत वायफाय कॉलिंग चालू ठेवा. परदेशी जाताना हीच सोय कामी येते, कारण आपल्या कंपनीचा तिथल्या कंपनीशी व्हीओएलटीई रोमिंगचा करार नसेल आणि तिथले जुने नेटवर्क गेलेले असेल, तर चांगल्या फोनवरही फक्त इंटरनेट चालते.