इंग्रजीच्या तासाला मोठ्याने वाचन कसं घ्यावं?

पहिल्या बाकावरच्याने पहिला परिच्छेद, शेजारच्याने दुसरा, ही रीत आधी थांबवा. पोरं आपला नंबर मोजतात, तेवढंच मनात घोकतात आणि वाचून झालं की खिडकीबाहेर बघतात. राज्यात २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आहे, तरी सातवीतली कितीतरी मुलं पाढे म्हटल्यासारखं इंग्रजी वाचतात, त्यामागे मला हे एक मोठं कारण दिसतं.

उतारा ६०-७० शब्दांचा पुरे. पुस्तकातला कंटाळवाणा असेल तर कोल्हापूरचाच काहीतरी प्रसंग घेऊन स्वतः लिहा. मुलांना तो आधी मनात वाचू द्या, अडलेले शब्द विचारू द्या. अर्थ कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

मग तुम्ही वाचा, मुलांनी पुस्तक मिटून ऐकायचं. दुसऱ्यांदा वाचताना तुम्ही जिथे थांबता तिथे त्यांनी पेन्सिलीने उभी रेघ मारायची:

द बस टू पन्हाळा / वॉज लेट, / सो वी वॉक्ट / अराउंड रंकाळा.

रेघेपर्यंतचे शब्द एका दमात. एवढ्यानेच निम्मं वाचन सुधारतं.

याच वाक्यात मुलं हमखास ‘वॉकेड’ म्हणतात. खरा उच्चार ‘वॉक्ट’सारखा; ‘प्लेड’मध्ये शेवटी ड येतो. मूळ क्रियापदाच्या शेवटी ट किंवा ड ऐकू येत असेल तरच ‘इड’ वेगळं उच्चारायचं: वॉंटेड, नीडेड. दुसरी अडचण ‘व्हेरी वेल’ची. ‘व्हेरी’ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘वेल’ला ओठ गोल होतात. मुलांना एकमेकांच्या तोंडाकडे बघायला सांगा. हसतील, हसू देत.

यानंतर सगळ्यांनी एकदा मिळून, मग जोडीने वाचायचं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने पुस्तक मिटून ऐकायचं आणि काय कळलं ते मराठीत सांगायचं. ऐकणाऱ्यासमोर पुस्तक उघडं असेल तर वाचणाऱ्याला नीट वाचायची गरजच उरत नाही. पन्नास पोरांच्या वर्गात कालवा होणारच. शेजारच्या वर्गातल्या सरांना आधीच सांगून ठेवा.

बुजऱ्या मुलाला एकच वाक्य द्या, तेही आदल्या दिवशी सांगून. वाचताना मध्ये टोकू नका. चुका वहीत टिपा आणि तास संपताना कुणाचं नाव न घेता त्यातल्या दोनच फळ्यावर घ्या. बाकीच्या उद्या.