जुन्या डेस्कटॉपवर बॅकअप ठेवण्याआधी बायोसचा सेल बदला

वीज जाऊन आली की जुना डेस्कटॉप बंदच राहतो, नाहीतर ‘एफ१ दाबा’ म्हणत अडतो. रात्रीचा बॅकअप बुडतो.

१. प्लग काढून मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल बदला. प्लसची बाजू आधीसारखीच ठेवा. सेल संपला की घड्याळ मागे जातं, बायोसची (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) सेटिंग्ज पुसली जातात.

२. बायोसमध्ये तारीख लावा. पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ शोधून ‘पॉवर ऑन’ करा. नाव थोडं वेगळं असू शकतं.

३. ‘हॉल्ट ऑन’ (कोणत्या एररवर थांबायचं) असेल तर ‘नो एरर्स’ निवडा. कीबोर्डशिवायही मशीन उठेल.

शटडाउन करून भिंतीवरचं बटण बंद करा, मिनिटभराने चालू करून पाहा.

फोटोंची एकुलती एक प्रत इथे ठेवू नका. दोन डिस्क मिरर केल्या, म्हणजे दोन्हींवर तेच एकाच वेळी लिहिलं जात असलं, तरी चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हींवरून जाते.