छोट्या ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लाइन गळतेय? या चुका टाळा

खानापूरकडची भाताची चिखलणी असो की निपाणी-चिकोडीकडची उसाची भरणी, जुना छोटा ट्रॅक्टर तेल गाळायला लागला की पहिला इलाज ठरलेला असतो. पाण्याच्या पाइपला करतो तोच: टेप गुंडाळा, क्लिप आवळा, एम-सील थापा. ठिबकच्या लाइनीत दाब असतो एक-दोन बार. ट्रॅक्टरमागचं अवजार उचलणाऱ्या लिफ्टच्या लाइनीत रोटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) उचलताना तो शंभर बारच्याही पुढे जातो. बहुतेक चुका हा फरक विसरल्यामुळेच होतात.

सगळ्यात घातक चूक हाताची. बारीक छिद्रातून येणारी तेलाची धार डोळ्याला नीट दिसतही नाही. पाइपवरून बोट फिरवून ती शोधायला गेलात तर कातडी भेदून तेल आत शिरतं. बाहेर सुई टोचल्याएवढी खूण, सुरुवातीला दुखणंही फारसं नाही, म्हणून माणूस हळद लावून परत कामाला लागतो. आत तेल पसरत राहतं आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हातही गमवावा लागतो. असं झालं तर गावात मलमपट्टी करत बसू नका. शस्त्रक्रियेची सोय असलेलं मोठं हॉस्पिटल लगेच गाठा आणि दाबाचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय, हे डॉक्टरांना आधी सांगा. गळती शोधायची तर लांब काठीला पुठ्ठा बांधून तो पाइपजवळून फिरवा, डोळ्यांना चष्मा लावा. तेलाचा डाग पुठ्ठ्यावर उमटू दे.

रोटर वर ठेवून युनियन (पाइप जोडणारा नट) सोडणं ही दुसरी मोठी चूक. इंजिन बंद असलं तरी सिलिंडरमध्ये तेल दाबाखाली अडकलेलं असतं. नट ढिला झाला की तेल उसळतं आणि रोटर खाली आपटतो. आधी रोटर जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिफ्टचा लिव्हर दोन-चार वेळा वर-खाली करून उरलेला दाब काढा. मगच पाना लावा.

तेल ठिबकतं तिथंच गळती आहे असं धरू नका. तेल पाइपवरून ओघळत येतं आणि सगळ्यात खालच्या वाकणावर थेंब धरतं. आधी सगळी लाइन डिझेलनं धुऊन कोरडी करा, वर अंगाला लावायची पावडर भुरभुरा, मग थोडा वेळ लिफ्ट चालवा. पावडर पहिल्यांदा ओली होते ती खरी जागा. जुन्या गाड्यांत क्लँप सोडून बघाच. क्लँपमधलं रबर सडलेलं असतं, तिथं चिखल धरून राहतो आणि पाइप नेमका झाकलेल्या भागात गंजून बारीक भोक पडतं. वरून बघणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. अशा पाइपला वेल्डिंगचं ठिगळ लावू नका, जीआय पाइपचा तुकडा तर मुळीच जोडू नका. त्याच मापाचा सीमलेस (बिनसांध्याचा) पाइप करून घ्या.

जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळायची सवयही सोडा. फ्लेअर (पाइपचं पसरट केलेलं तोंड) किंवा कोनाच्या जोडात धातू धातूवर टेकून तेल अडतं, आट्यांवर नाही. टेपचे तुकडे सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकले की लिफ्ट अडखळायला लागते. मोठा पाना घालून आवळत राहिलात तर फ्लेअरला चीर जाते. होजचा (लवचीक नळीचा) नट फिरवताना दुसऱ्या पान्यानं निपल (तिच्या टोकाचा धातूचा तुकडा) धरा, नाहीतर होजला पीळ बसतो. तांब्याचे वायसर नवे घाला. नाइलाज असेल तर जुना वायसर लाल होईपर्यंत तापवून गार करा, तांबं मऊ पडतं. ओ-रिंग मात्र नळाच्या दुकानातली नको, तेलाला टिकणारी हवी.

होज बदलताना साधी रबरी नळी आणि क्लिप दाबाच्या लाइनीला कधीच चालत नाही. तारेची जाळी असलेला, टोकं क्रिंप केलेला (यंत्रानं दाबून बसवलेला) होज लागतो. बेळगावात उद्यमबाग, मच्छे भागात हायड्रॉलिकचे पार्ट बनवणारे कारखाने आहेत, त्यामुळे हे काम जाणणारी माणसं आपल्याला दूर शोधावी लागत नाहीत. जुना होज नमुन्याला घेऊन जा, नुसतं माप तोंडी सांगू नका. बसवल्यावर होजवरची छापील रेघ सरळ दिसली पाहिजे. ती वळलेली दिसली तर होजला पीळ आहे.

बाहेर एक थेंब नाही, तरी लिफ्ट धक्के देत उचलते, पंप ओरडतो आणि तेलाला फेस येतो? मग पंपाकडे तेल ओढणाऱ्या लाइनीतून हवा शिरतेय. तिथली क्लिप आणि रबर बघा. तेल बाटलीत ठेवून बघा: फेस बसला तर हवा होती, तेल दुधाळच राहिलं तर पाणी गेलंय, सगळं तेल बदला.

उघडी टोकं चिंधीनं बुजवू नका, तिचे धागे आत जातात. स्वच्छ बूच लावा. जोडणी झाल्यावर पुस्तिकेत सांगितलेलंच तेल भरा, इंजिन हळू ठेवून लिफ्ट बऱ्याच वेळा वर-खाली करा म्हणजे हवा निघेल. पातळी बघताना लिफ्ट खालीच हवी. वर असली तर काही तेल सिलिंडरमध्ये असतं, पातळी कमी दिसते आणि आपण जास्त ओततो. ते तेल पुढं ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या तोंडातून) बाहेर येतं आणि नवीच गळती लागली असं वाटून माणूस चांगला जोड परत खोलतो.