ग्रीनकीपरचा हिवाळा: नव्याने येणाऱ्यांसाठी

गोल्फ कोर्सवर नोकरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ऊन, हिरवळ आणि फिरायला छोटी गाडी असं काहीतरी येतं. इथे स्कॉटलंडमध्ये जुलैत ते बऱ्यापैकी खरंही असतं. पण मला या ग्रीनकीपरच्या, म्हणजे कोर्सचं गवत सांभाळण्याच्या कामाबद्दल विचारणारी मंडळी, त्यातही आपल्याकडची बी.एस्सी. ॲग्री झालेली मुलं-मुली, नोव्हेंबर ते मार्चबद्दल चकार शब्द काढत नाहीत. हंगामी नोकरी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर असते. कायम झालात की हिवाळाही तुमचाच. म्हणून हे सगळं त्या पाच महिन्यांबद्दल.

माझं शिक्षण कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे स्कॉटलंडला आले, डिपेंडंट व्हिसावर कामाची मुभा होती. आधी एका झाडीतल्या, चिकणमातीच्या कोर्सवर काम केलं आणि आता फाइफच्या किनाऱ्यावर, वाळूवरच्या लिंक्स कोर्सवर आहे. दोन्हीकडचे हिवाळे बघितल्यामुळे थोडं तुलनेनं बोलता येतं.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवा: हिवाळ्यात गवत वाढत नाही, पण झिजत राहतं. जमिनीचं तापमान पाच-सहा अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की वाढ जवळपास थांबते. खेळणारे मात्र थांबत नाहीत. इथे सदस्य वर्षाची वर्गणी भरतात आणि डिसेंबरातही कानटोपी घालून हजर होतात. उन्हाळ्यात बुटांनी घासलेली जागा आठवड्या-दोन आठवड्यांत भरून येते, डिसेंबरात घासलेली एप्रिलपर्यंत तशीच दिसते. आपलं कृषीचं शिक्षण सगळं वाढीभोवती फिरतं. पिवळं दिसलं, नत्र द्या. डाग दिसला, फवारा. सुकलं, पाणी सोडा. ही सवय इथे आधी सोडावी लागते. थंडीत नत्राचा हात सैल सोडला तर पातं लुसलुशीत होतं आणि बुरशीला आयतं जेवण मिळतं. हिवाळ्यातलं निम्मं काम म्हणजे झीज कुठे आणि किती होऊ द्यायची, हे ठरवत राहणं.

यात सगळ्यात वादाचा विषय म्हणजे फ्रॉस्ट. रात्री पारा शून्याखाली गेला की पात्यातलं पाणी गोठतं. पातं तसंच राहू दिलं तर ऊन आल्यावर बहुतेक वेळा पूर्ववत होतं. पण त्यावर पाय पडला की पेशी फुटतात आणि दोन-तीन दिवसांत ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, बुटाच्या मापाचे तपकिरी ठसे उमटतात. हे सगळ्यांना समजतं, कारण दिसतं. खरा घात होतो तो बर्फ वितळताना. वरचा सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचा थर मऊ झालेला असतो आणि खाली अजून दगड. अशा वेळी माणूस चालला की वरचा थर गोठलेल्या थरावरून सरकतो आणि मधल्या मधे मुळं तुटतात. वरून ग्रीन हिरवीगार, ऊनही पडलेलं. सदस्य विचारतो, ‘आता काय अडचण आहे?’ आणि तुमच्याकडे दाखवायला काही नसतं. मी खिशात एक जुना स्क्रू-ड्रायव्हर ठेवते. ग्रीनच्या कडेला खुपसायचा. सहज आत जाऊन मध्येच टक्कन थांबला तर खेळ नाही. वाद घालणाऱ्याच्या हातातच तो द्यावा. तोंडी समजावण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो, असा माझा अनुभव.

अशा दिवशी तात्पुरत्या ग्रीनवर खेळ वळवतात, म्हणजे फेअरवेवरच (ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या लांब पट्ट्यावर) थोडी जागा आधीपासून बारीक कापून, तिथे होल पाडून ठेवलेला असतो. तात्पुरती ग्रीन कुणालाच आवडत नाही. सकाळी उठून, गाडी चालवून आलेल्या माणसाचं तोंड वाकडं होणारच. नवीन माणसाने तिथे निर्णयाचं समर्थन करत बसू नये. ‘हेड ग्रीनकीपरने ठरवलंय, तासाभरात पुन्हा बघणार आहोत’ एवढं सांगावं आणि कामाला लागावं. आणि हो, इथे हेडलाही थेट नावाने हाक मारतात. मला ते जमायला बराच काळ गेला, तोंडातून ‘सर’ निघायचंच.

होल बदलणं हे काम नवख्याला लवकर मिळतं आणि हिवाळ्यात तेच सगळ्यात जिकिरीचं. होलचा व्यास १०८ मिलिमीटर. कटरने नवीन होल पाडायचा, निघालेला मातीचा गोळा जुन्या होलमध्ये बसवायचा. तो उंच राहिला तर मोअर (गवत कापायचं यंत्र) त्याचं डोकं सोलून काढतं, खोल राहिला तर चेंडू उडतो, आणि वाढ नसल्यामुळे तो वर्तुळाकार डाग महिनाभर सगळ्यांना तुमचं काम दाखवत बसतो. कडेने बोटांनी दाबून, थोडं पाणी घालून, गुडघ्यावर बसून नजर जमिनीलगत नेऊन बघायचं. घाई करू नका. जमीन गोठलेली असेल तर कटर आत जातच नाही, म्हणून थंडीची लाट येणार असं दिसलं की आदल्या दुपारीच होल हलवून ठेवायचे. आणखी एक भानगड: होलमध्ये बसवलेल्या कपात पाणी साचून रात्रीत गोठतं आणि झेंड्याची काठी त्यात रुतते. कुणी जोरात उपसली की काठीसकट कपही वर येतो आणि होलची कड फाटते. म्हणून फेरीत प्रत्येक काठी हलकेच फिरवून बघायची. साधं काम आहे, पण कुणी सांगत नाही.

रोज सकाळचं दुसरं काम दव झाडण्याचं. लांब, लवचीक फायबरग्लासची काठी ग्रीनवरून डावी-उजवी फिरवत चालायचं. हे शोभेसाठी नाही. पातं जितका वेळ ओलं, तितकी बुरशीची चंगळ. मायक्रोडोकियम नावाची बुरशी, जिला इथले जुने लोक अजून फ्युझेरियम म्हणतात, ती थंड, दमट, वारा नसलेल्या हवेत फोफावते. आधी नाण्याएवढा नारिंगी-तपकिरी ठिपका. सकाळी दवात नीट वाकून बघितलं तर कडेला पांढरट कापसासारखी बुरशी. हे वाकून बघणं शिका, कारण औषधांचा पेटारा आता फारच रिकामा झालाय. इप्रोडिओनचा वापर २०१८ मध्ये संपला, क्लोरोथॅलोनिलचा २०२० मध्ये. उरलेली बरीच औषधं रोग दिसायच्या आधी मारायची, रोग पसरल्यावर त्यांचा फारसा उपयोग नाही. मग उरतं ते दव झाडणं, सावली करणाऱ्या फांद्या छाटून वारा मोकळा करणं, नत्र आवरतं ठेवणं आणि हिराकस. आपल्याकडे हिराकस म्हणतात तेच फेरस सल्फेट इथे गवत टणक करायला आणि शेवाळ मारायला सर्रास फवारतात. क्लबहाऊसच्या फरशीवर मात्र त्याचा थेंब पडू देऊ नका, गंजाचा डाग जाता जात नाही.

गांडुळांचं मला सुरुवातीला फार नवल वाटायचं. कॉलेजात गांडूळखताचा प्रकल्प केलेल्या मुलीला कुणी सांगितलं असतं की पुढे पगार घेऊन गांडुळांना कंटाळशील, तर पटलं नसतं. ओल्या, सौम्य हिवाळ्यात ती वर येऊन मातीचे छोटे ढीग घालतात. त्यावरून मोअर किंवा खेळणाऱ्यांच्या सामानाच्या ट्रॉलीचं चाक गेलं की ढीग चेपून चिखलाची चकती होते आणि खालचं गवत गुदमरतं. ब्रिटनमध्ये त्यासाठी पूर्वी कार्बेन्डाझिम वापरत, आपल्या बागायतदारांच्या ओळखीचं बाविस्टिन म्हणजे तेच. २०१७ नंतर तेही बंद. त्यामुळे आता उपाय एकच: ढीग कोरडे व्हायची वाट बघायची आणि मग झाडायचे. ओले असताना ब्रश फिरवला तर सगळा फेअरवे सारवल्यासारखा होतो. पावसाळी आठवड्यात ‘कोरडे व्हायची वाट’ म्हणजे कधी कधी आठ दिवस काहीच न करणं, आणि वरचे लोक विचारत असताना काहीच न करायला धीर लागतो.

चिकणमातीच्या कोर्सवर हे सगळं दुप्पट. तिथे पाणी मुरत नाही, ट्रॉल्यांवर बंदी येते, मशिनं शेडबाहेर काढता येत नाहीत, आणि तुम्ही फावडं घेऊन चर साफ करत राहता. लिंक्सवर वाळूतून पाणी झरझर उतरतं, समुद्रामुळे थंडीही थोडी बोथट होते. म्हणून हिवाळ्यात खेळायला आतल्या भागातलेही लोक किनाऱ्यावर येतात आणि झीज वाढते. सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सवर त्यासाठी हिवाळ्यात फेअरवेवर छोट्या मॅटवरून मारायची पद्धत आहे. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या कोर्सला गवत वाचवायला मॅट चालते, हे आमच्याकडच्या नाराज सदस्यांना अधूनमधून ऐकवावं लागतं.

मला मनापासून आवडतं ते बंकर, म्हणजे कोर्सवरचे वाळूचे खड्डे, बांधायचं काम. लिंक्सवरच्या बंकरांची उभी भिंत मातीसकट कापलेल्या गवताच्या पट्ट्यांची असते. ऊन, वारा आणि वाळूच्या माऱ्याने ती काही वर्षांत ढासळते; दक्षिणेकडे तोंड असलेली बाजू आधी, कारण तीच जास्त सुकते. हिवाळ्यात दरवर्षी काही बंकर नव्याने बांधायला घेतात. जुनी भिंत खणून काढायची, तळाचा पाया सपाट आणि घट्ट करायचा, मग पट्ट्यांचा एकेक थर. गवंडी विटांचे सांधे चुकवतो तसे इथेही चुकवायचे, आणि प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित मागे सरकवायचा म्हणजे भिंतीला उतार मिळतो. मागे माती भरून प्रत्येक थराला धुमसायची. इथे आळस केला तर पोकळी राहते आणि पहिल्या मोठ्या पावसात भिंत पोट काढते. ओल्या पट्ट्या जड असतात. कंबर वाकवून नाही, गुडघ्यात बसून उचला. दुपारी साडेतीनला अंधारू लागतं तेव्हा दोन माणसांचं दिवसभराचं काम जेमतेम एका बाजूला दिसतं, पण ते दिसतं, आणि हिवाळ्यात असं काम दुर्मीळ.

पाऊस फारच असला तर शेड. रील मोअर (गोल फिरणाऱ्या पात्यांचं, म्हणजे रीलचं मोअर) उघडून धार लावणं, बेअरिंग बदलणं, हायड्रॉलिकचे पाइप तपासणं. पाइप आत्ता बदलला नाही तर मे महिन्यात तो ग्रीनवरच फुटतो आणि तेलाने जळालेली सरळ पट्टी साऱ्या कोर्सला दिसते. धार बघायला कागदाची पट्टी रील आणि खालच्या पात्याच्या मधे धरून रील हाताने सावकाश फिरवतात. कागद पूर्ण लांबीभर स्वच्छ कापला गेला पाहिजे, नुसता दुमडता कामा नये. इंजिन बंद, हातात मोजे, आणि रील फिरवणारा आणि कागद धरणारा माणूस एकच. दोघांनी मिळून हे काम कधीही करू नका.

अंधार आणि शरीर याबद्दल थोडं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इथे दिवस जेमतेम सात तासांचा, सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो. काम त्याआधीच सुरू होतं, आणि त्या वेळी खेड्यात बस मिळेल या भरवशावर राहू नका. भारतीय लायसन्सवर ग्रेट ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून एक वर्ष गाडी चालवता येते, त्या वर्षातच इथली परीक्षा उरका. कपड्यांत पैसे वाचवू नका: लोकरीचा आतला थर, खरोखर पाणी अडवणारा वरचा थर आणि मोज्यांच्या दोन जोड्या, कारण पहिली दहा वाजेपर्यंत भिजलेलीच असते. बायकांसाठी एक सांगते. क्लब देईल ते जॅकेट आणि बूट बहुधा पुरुषी मापाचे असतात. सैल बुटात दिवसभर चालून पाय सोलतात. तुमच्या मापाचं मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. माझ्या आधीच्या एका ठिकाणी कोर्सच्या टोकाला स्वच्छतागृह नव्हतं आणि तो विषय काढणारी मीच पहिली. विषय काढला, सोय झाली.

ब्लोअर आणि ट्रिमर थंडीत सलग चालवले की बोटं पांढरी पडून बधिर होतात. ‘थंडीने झालं असेल’ म्हणून सोडू नका. कंपनांमुळे होणारी ही इजा कायमची होऊ शकते, आणि २००५ च्या नियमांप्रमाणे मालकाने त्यावर लक्ष ठेवणं बंधनकारक आहे. किती मिनिटं मशिन चालवलं त्याची नोंद ठेवा.

पदवी आपल्याकडची असली तरी इथली प्रमाणपत्रं लागतात. फवारणीसाठी आधी पीए१, मग बूम स्प्रेअरसाठी पीए२ किंवा पाठीवरच्या पंपासाठी पीए६. फाइफमधल्या कूपारच्या एल्मवुड या शिक्षणसंस्थेत ग्रीनकीपिंगचं शिक्षण मिळतं आणि बरेच क्लब काम करता करता शिकवतात. बिगा ही ग्रीनकीपरांची संघटना १९८७ पासून आहे. जानेवारीत हॅरोगेटला तिचं प्रदर्शन भरतं, तिथे नोकरीच्या ओळखी होतात. सुरुवातीचा पगार किमान वेतनाच्या आसपासच धरून चाला. अनेक ठिकाणी तास वर्षाच्या हिशेबाने असतात, उन्हाळ्यात जास्त, हिवाळ्यात कमी. शनिवार-रविवारची पाळी आलटून पालटून येते.

मुलाखतीत उन्हाळ्याबद्दल तेच भरभरून बोलतील. तुम्ही दोन गोष्टी विचारून घ्या: हिवाळ्यात शेडमध्ये किती माणसं कायम असतात, आणि फ्रॉस्टच्या सकाळी कोर्स बंद ठेवायचा की नाही हे कोण ठरवतं. उत्तर ‘हेड ग्रीनकीपर’ असं चटकन आलं तर ठीक. ‘तसं आम्ही सगळे मिळून बघतो’ असं आलं, तर ग्रीनवर पाय ठेवायच्या आधी आणखी एखाद-दुसऱ्या क्लबात अर्ज टाकून ठेवा.