बसमधल्या घरासाठी गिझर: आधी पंप बघा, मग गिझर

नाशिकच्या अंबडला आमच्या शेडमध्ये आतापर्यंत अकरा बसगाड्यांची घरं झाली. पहिल्या तिन्हींच्या मालकांनी गिझरवरून मला फोनवर शिव्या घातल्या, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. चौथ्या गाडीपासून शिव्या थांबल्या, कारण तोवर मला कळलं होतं की घोळ गिझरमध्ये नसतोच. तो त्याच्या मागच्या पंपात असतो. दुकानदार हे सांगत नाही, त्याला गिझर विकायचा असतो. व्हिडिओवाले सांगत नाहीत, कारण व्हिडिओपुरतं पाणी गरम आलं की त्यांचं काम झालं.

आरटीओची परवानगी, पाण्याची टाकी, नळाची लाइन आणि बाथरूमचा पत्रा एवढं झालंय असं धरून पुढचं लिहितो.

१. बादली मोजा

घरी जशी अंघोळ करता तशी करा आणि बादल्या मोजा. आपल्याकडे एका माणसाला कोमट पाण्याची १५ ते १८ लिटरची एक बादली पुरते. शॉवरखाली तोच माणूस ३० लिटरही उडवतो. बसमध्ये टाकी २०० लिटरची असेल तर हा फरक तिसऱ्या दिवशी जाणवतो.

२. बस उभी राहणार की फिरणार?

मळ्यात, द्राक्षबागेच्या कडेला किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला महिना महिना उभी राहणार असेल तर गॅस. रोज शे-दीडशे किलोमीटर पळणार असेल तर इंजिनाची उष्णता वापरा. रोज रात्री कुठेतरी विजेचं कनेक्शन नक्की मिळणार असेल, तरच साधा साठवणीचा विजेचा गिझर. पर्याय एवढेच आहेत.

लोक आणखी काय काय सुचवतात तेही सांगतो. टपावर काचेच्या नळ्यांचा सोलर बसवा म्हणतात. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन टपावर, वर काचा, आणि खाली आपले रस्ते. बादलीत रॉड टाका म्हणतात. तो दीड हजार वॉटचा असतो, आणि पत्र्याच्या ओल्या खोलीत उघडा रॉड मी तरी ठेवणार नाही. सिन्नरच्या एका आजोबांनी तर माळ्यावरचा तांब्याचा बंब आणून दिला होता. बंब सुंदर होता, राख झाडायला खालची जाळीसुद्धा शाबूत होती. पण बसमध्ये लाकडं पेटवायची नाहीत. तो आता त्यांच्या बसमध्ये छत्र्या ठेवायला आहे.

३. विजेचा हिशोब एकदा कागदावर करा

१५ लिटर पाणी १५ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. कंपनी कुठलीही असो, यात फरक पडत नाही, कारण हा हिशोब पाण्याचा आहे. चौघांच्या चार बादल्या म्हणजे दोन युनिट. बसच्या १५० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या २४ व्होल्टला जोडल्या तर कागदावर साडेतीन युनिटच्या वर भरतात, पण साध्या लेड-अॅसिड बॅटऱ्या निम्म्याच्या खाली उतरवल्या की लवकर मरतात. म्हणजे चौघांच्या अंघोळी झाल्या की बॅटऱ्या झोपल्या. दिवे, पंखा, फ्रिज तर अजून धरलेच नाहीत.

तीन किलोवॉटचा छोटा इन्स्टंट गिझर इन्व्हर्टरवर चालवू असं कोणी म्हणालं तर त्याला विचारा, २४ व्होल्टला सव्वाशे अँपिअर ओढणारी वायर कुठून आणणार? आणि एवढं करून त्यातून मिनिटाला दीड लिटरच्या आसपास गरम पाणी येणार. बादली भरेपर्यंत चहा होतो.

बाहेरचं कनेक्शन असेल तर १५ लिटरचा साठवणीचा घ्या, टाकी स्टीलची. भिंतीवर दोन बोल्टवर टांगू नका. भरलेला गिझर पंचवीस किलोच्या घरात जातो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात पत्रा फाडून खाली येतो. जमिनीवर बसवा, पट्ट्याने चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, बांधा.

४. इंजिनवाला पर्याय

इंजिनाला थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, ८० ते ९० अंशांवर फिरत असतं. ते स्टीलच्या टाकीतल्या कॉइलमधून फिरवायचं, टाकीला पफचं, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या फोमचं, जाड आवरण द्यायचं. कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला पोहोचेपर्यंत टाकी फुकटात कढत होते, आणि रात्री दहालाही पाणी अंघोळीचं असतं. दोनच गोष्टी सांभाळा. कढत पाण्यात गार मिसळून देणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह लावल्याशिवाय नळ जोडू नका, नाहीतर पोराचा हात भाजेल. आणि कूलंटच्या लाइनीतली हवा नीट काढून घ्या, एअर लॉक राहिला की घाटातच इंजिन तापतं. हे काम डिझेल मेकॅनिकचं आहे, प्लंबरला सांगू नका.

५. गॅस गिझर आणि पंप

माझ्याकडे येणाऱ्या दहातले सात जण शेवटी गॅसवर येतात, आणि मीही तेच सांगतो. मिनिटाला ६ लिटरचा साधा घरगुती गिझर पुरतो. एका बादलीला पन्नास ग्रॅमच्या आत गॅस जातो, म्हणजे ५ किलोच्या सिलिंडरमध्ये शंभरेक बादल्या.

आता माझी फजिती. दुसऱ्या की तिसऱ्या गाडीत चांगला गिझर लावला, चांगला दमदार पंप लावला, मिनिटाला ११ लिटरचा. शेडमध्ये नळ उघडून दाखवला, वाफा निघाल्या, मालक खूश. जानेवारीत ते निफाडला नातेवाइकांच्या मळ्यावर गेले. निफाडला त्या दिवसांत पारा पाच-सहा अंशांवर येतो. पहाटे फोन. मागून वहिनींचा आवाज ऐकू येत होता, "अहो, परत गार आलं!" मग थोडा वेळ शांतता, मग, "आता चटका बसला!" मग परत गार.

मी गिझर बदलून दिला. दुसऱ्या कंपनीचा. तेच. सेल बदलले, रेग्युलेटर बदलला, नोझल साफ केलं. तेच. तीन महिने मी गिझरच्या मागे होतो. शेवटी एक दिवस बाथरूममध्ये न बसता पंपाशेजारी डिकीत जाऊन बसलो आणि ऐकलं. पंप घर्र करायचा, थांबायचा. घर्र, थांब. घर्र, थांब. आणि प्रत्येक थांबण्याबरोबर वर गिझर विझायचा, मग टिक-टिक-टिक करत पुन्हा पेटायचा.

त्याचं कारण असं. गॅस गिझरमध्ये पाण्याच्या दाबाने हलणारा एक रबरी पडदा असतो. पाणी पुरेसं वाहत असेल तरच तो गॅस सोडतो आणि ठिणगी देतो. वाहणं मिनिटाला दोन-अडीच लिटरच्या खाली गेलं की गॅस बंद. पाणी नसताना गिझर पेटू नये म्हणून ही सोय आहे, आणि ती असायलाच हवी. दुसरीकडे बसमधला डायफ्राम पंप दाब भरला की आपोआप थांबतो आणि दाब उतरला की सुरू होतो. तुम्ही ११ लिटरचा पंप लावला आणि नळातून पाचच लिटर घेतलं, तर दाब लगेच भरतो, पंप थांबतो, वाहणं पडतं, गिझर विझतो. दाब उतरतो, पंप सुरू, गिझर सुरू. मधल्या काळात पाइपात शिरलेलं गार पाणी तुमच्या डोक्यावर.

आणि पाच लिटर का घ्यायचं? तर ६ लिटरचा गिझर त्या सहा लिटरांना साधारण २५ अंशच वर नेतो. टाकीतलं पाणी १३ अंशांवर असेल तर पूर्ण धार सोडून ३८ मिळतात. थंडीत ते कोमटही वाटत नाही. म्हणून माणूस नळ बारीक करतो, पाच लिटरवर आणतो, म्हणजे ३० अंशांची वाढ मिळते. नेमका तिथेच मोठा पंप घात करतो. शेडमध्ये मी मेमध्ये चाचणी घेतली होती, नळ पूर्ण उघडून. तेव्हा हे दिसणारच नव्हतं.

म्हणून "पंप मोठाच घ्या, प्रेशर चांगलं येतं" हा सल्ला कोणी दिला तर मान हलवा आणि लहान पंप घ्या. मिनिटाला ५ ते ६ लिटरचा. नळ उघडला की तो सलग चालतो, थांबतच नाही, आणि ज्योत स्थिर राहते. पंप २४ व्होल्टचाच मागा. १२ व्होल्टचा आणून दोनपैकी एकाच बॅटरीवर जोडला तर एक बॅटरी कायम उपाशी राहते आणि सहा महिन्यांत दोन्ही जातात.

मोठा पंप आधीच घेऊन ठेवला असेल तर टाकून देऊ नका. पंप आणि गिझरच्या मध्ये छोटी प्रेशर टाकी टाका. घरगुती प्रेशर पंपावर असते तसली, आत रबरी फुगा आणि बाहेर मोटरसायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह. पंप थांबला तरी फुग्यातली हवा पाणी ढकलत राहते. यात लोक एक चूक हमखास करतात, मीही केली: टाकी लावतात, पण हवा तपासत नाहीत. पंप बंद करा, नळ उघडून लाइनीतला दाब सोडा, मग पंक्चरवाल्याकडचा गेज लावा. पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याच्या दोन पौंड खाली हवा ठेवा. पंपावर तो आकडा छापलेला असतो किंवा कागदात असतो. लाइनीत पाणी भरलेलं असताना मोजलेला दाब खोटा असतो.

आणखी एक. नळावर गार पाणी मिसळू नका. गार उघडलं की गिझरमधून जाणारं पाणी कमी होतं आणि तो पुन्हा विझतो. गरमाचं काय करायचं ते गिझरच्या नॉबवर करा. बऱ्याच गिझरांना उन्हाळा-हिवाळा असा वेगळा नॉब असतो, तो बर्नरचा एक भाग बंद करतो. एप्रिलमध्ये बसखालची टाकीच तापलेली असते, तेव्हा तो उन्हाळ्यावर नसेल तर पाणी कढत येतं.

आणि खरं सांगायचं तर शॉवर लावूच नका. पाणी वाचवणारा बारीक छिद्रांचा तर अजिबात नको, तो वाहणंच मारतो. नळ पूर्ण उघडून सलग धारेने बादली भरा, जे काही गार-गरम मिसळायचं ते बादलीत मिसळा, तांब्या घ्या. गिझर एकदाच पेटतो आणि एकदाच विझतो. माझ्या अकरा गाड्यांपैकी आठांमध्ये आज बादलीच आहे, आणि त्यातल्या पाचांमध्ये आधी शॉवर होता.

छतालगत टाकी ठेवून पंपच टाळू असंही कोणी सुचवेल. दोन मीटर उंचीवरून मिळणारा दाब बहुतेक गॅस गिझरांना पेटायला पुरत नाही.

६. गिझर कुठे बसवायचा

बाथरूममध्ये नाही. खिडकी असली तरी नाही, पंखा लावला तरी नाही. बसचं बाथरूम म्हणजे तीन बाय तीनचं कपाट, त्यात गॅस जळला की हवेतला प्राणवायू संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला डोकं जड झालंय एवढंच कळतं आणि कडी काढायला हात उठत नाही.

गिझर बाहेरून उघडणाऱ्या डिकीत बसवा. डिकी आणि राहायची जागा यांच्यामधलं प्रत्येक भोक, पाइप आणि वायरी जातात तीसुद्धा, सीलंटने बुजवा. डिकीच्या दाराला वर आणि खाली जाळ्या ठेवा, धुराचा पाइप सरळ बाहेर काढा.

एवढं करूनही माझ्याकडून एकदा चूक झाली. धुराचा पाइप बरोब्बर झोपायच्या खिडकीखाली काढला होता. गाडी एका कंपाउंडच्या भिंतीला चिकटून उभी केलेली, वारा पडलेला. धूर भिंत आणि बस यांच्यामध्ये कोंडला आणि उघड्या खिडकीतून आत आला. सकाळी दोघांचीही डोकी ठणकत होती, मालकांना उलटी झाली. खिडकी दुसऱ्या बाजूचीही उघडी होती म्हणून निभावलं. तेव्हापासून पाइप मागच्या कोपऱ्यात, खिडक्यांपासून लांब, आणि प्रत्येक गाडीत उशीच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. गिऱ्हाईक पैसे देवो न देवो, तो मी बसवतो.

गॅसगळतीचा अलार्म मात्र जमिनीलगत लावा, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. म्हणूनच सिलिंडर ठेवता त्या डिकीच्या तळाला उघडी जाळी हवी. सिलिंडर उभाच, पट्ट्याने बांधलेला, आणि गाडी सुरू करण्याआधी त्याचा रेग्युलेटर बंद. लहान सिलिंडरवर थंडीत लागोपाठ चार बादल्या भरल्या तर त्याला बाहेरून घाम फुटतो आणि ज्योत बसते. ते बिघडलेलं नसतं, दहा मिनिटं थांबा.

७. चाचणी

उन्हात नाही, पहाटे घ्या. नळ निम्मा उघडून पाच मिनिटं सोडा आणि पंपाचा आवाज ऐका. डिकीचं दार उघडून ज्योत बघा. निळी हवी. पिवळी दिसली तर गिझर बंद करा आणि बर्नर साफ करून घ्या.

बोअरचं पाणी भरत असाल तर वर्षातून एकदा गिझरची कॉइल क्षारासाठी साफ करून घ्या, आणि पंपाच्या तोंडची जाळी महिन्याला. ठिणगीसाठी दोन मोठे सेल लागतात. त्यांची एक जादा जोडी चहा-साखरेच्या डब्याशेजारी ठेवा, डिकीत ठेवलेली दमट होऊन फुगते.